वल्ही फेकू नका

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, औशाचा माणूस आज तुमच्याशी होडीविषयी बोलणार आहे म्हटल्यावर काहींना हसू आलं असेल. ते साहजिकच आहे. आमच्याकडं पाणी मोजतात ते घागरीनं, हंड्यानं आणि अलीकडं टँकरच्या खेपांनी. समुद्र आमच्यापासून एका रात्रीच्या एसटी प्रवासाहूनही लांब. तरीही गेली वीस-बावीस वर्षं माझ्या वर्कशॉपच्या भिंतीशी होडीची दोन इंजिनं उभी आहेत. गिऱ्हाईक आलं की आधी तिकडं बोट दाखवतं आणि विचारतं, "मिस्त्री, हे कशाचं हो?" मग मला ही सगळी कथा सांगावी लागते. आज ती तुम्हाला सांगतो.

माझा धंदा ऑइल इंजिन दुरुस्तीचा. १९७४ साली मी हातात पाना घेतला. तेव्हा आमच्या तालुक्यात मोट संपत आली होती आणि विहिरीविहिरींवर किर्लोस्करांची, कूपरची इंजिनं धडधडत होती. कुठल्या शिवारातलं इंजिन आजारी आहे, हे मी रस्त्यावरून जाताना आवाजावरून सांगत असे. पुढं वीज आली, पाणबुडी पंप आले, बोअर खोल खोल गेले आणि इंजिनं भंगारात निघाली. मी रिकामा होत चाललो होतो. अशात २००३ सालच्या उन्हाळ्यात तेरणेच्या धरणावर मासे धरणारी भोई मंडळी माझ्याकडं आली. त्यांच्यातले वयस्कर होते त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. मामा म्हणाले, "मिस्त्री, कोकणातून जुनी होडी घेतली आम्ही. तिची दोन इंजिनंबी संगं आलीत. चालू करून द्या."

ट्रकमधून उतरवलेली ती होडी बघून अर्धं गाव जमलं होतं. सागाच्या फळ्यांची, वीस फुटांच्या आतबाहेरची, रंग उडालेली. दोन्ही इंजिनं पोत्यात गुंडाळलेली. आणि त्या सगळ्या सामानाबरोबर होडीचा जुना मालक, एक म्हातारा नाखवा, ट्रकच्या केबिनमधून खाली उतरला. तीन दिवस राहून सगळं शिकवून जाईन, असा त्याचा शब्द होता. त्या तीन दिवसांत मी जे शिकलो ते माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात शिकलो नव्हतो.

पण आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आमचा मुलूख कोरडा असला तरी पाण्याशी अनोळखी कधीच नव्हता. आपण रोजच्या बोलण्यात ‘सांगड घालणं’ म्हणतो. नोकरीची आणि शेतीची सांगड, खर्चाची आणि पगाराची सांगड. हा शब्द मुळात पाण्यावरचा आहे. वाळलेले भोपळे किंवा लाकडं, कधी दोन होड्या, एकमेकांना बांधून केलेलं तरंगतं साधन म्हणजे सांगड. ज्या भाषेत असा शब्द घरोघरी पोचतो, त्या भाषेच्या लोकांनी नद्या पुष्कळ ओलांडलेल्या असतात.

मांजरा, तेरणा, गोदावरी यांच्या काठच्या गावांत नदी उतरवून देण्याचं काम भोयांचं. पालखी वाहणं, मासे धरणं आणि पुरात माणसं पैलतीरी नेणं ही तिन्ही कामं एकाच समाजाच्या खांद्यावर होती. पूर आला की गावातून पहिला निरोप भोईवाड्यात जायचा. साधनं साधीच. कुठं भोपळ्यांची सांगड, कुठं लाकडाचा तराफा, आणि गुऱ्हाळाच्या भागात उसाचा रस आटवायची लोखंडी काहील! होय, गूळ करायची काहील पाण्यात सोडायची आणि तिच्यात माणसं बसवायची. काहिलीला पुढं-मागं नसतं. चुकीचं वल्हं पडलं की ती भोवऱ्यासारखी गरगरते. एका काठावरून दुसऱ्या काठाला ती नेमकी लावणं ही मोठी विद्या होती, आणि ती कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती.

समुद्राशीही आमचं नातं जुनं आहे. आमच्या तेरणेच्याच काठी, धाराशिव जिल्ह्यात, तेर नावाचं गाव आहे. प्राचीन काळी याचं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तकात तगरचा उल्लेख आहे. इथलं कापड भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून जहाजांनी पश्चिमेकडच्या देशांत. पण ध्यानात घ्या, तगरहून भडोचपर्यंत हा माल गाड्यांतून गेला, वाट नसलेल्या मुलखातून. आमचं कापड समुद्र ओलांडून गेलं, आमचा माणूस मात्र बैलगाडीच्या जुवाशी राहिला. दोन हजार वर्षांनी कोकणातली होडी ट्रकमधून आमच्याकडं आली, तेव्हा मला वाटलं की ही उलटी फेरी आहे.

आता ही होडी लागलीच कशाला? याचं कारण धरणं. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. त्या आगेमागे मराठवाड्यात लहानमोठी पुष्कळ धरणं झाली. मांजरेवर धनेगावला, तेरणेवर माकणीला. शेतकऱ्याला पाणी मिळालं, शहरांना नळ मिळाले. भोयांची मात्र नदी हरवली आणि तिच्या जागी समुद्रासारखं पाणी आलं. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं जाऊ लागलं, मच्छीमारांच्या सहकारी संस्था झाल्या. पण नदीवर चालणारी काहील आणि तराफा धरणात चालेना. दुपारी वारा सुटला की धरणात लाटा उठतात. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढणारा माणूस तिथं काडीसारखा हेलकावे खातो. मामांच्या दोन पुतण्यांना अशाच एका दुपारी वाऱ्यानं पार पलीकडच्या काठाला नेऊन टाकलं होतं. म्हणून त्यांनी पैसे गोळा केले आणि होडी घेतली.

नाखव्यानं पहिल्या दिवशी इंजिनाला हातसुद्धा लावू दिला नाही. म्हणाला, "आधी होडी बघा. इंजिन बंद पडलं तर होडी तारते. होडी फुटली तर इंजिन काय करणार?" तो हातोडीच्या दांड्यानं एकेक फळी वाजवत गेला. घट्ट लाकडाचा आवाज खणखणीत येतो, आतून कुजलेल्या लाकडाचा बद्द. मी विचार केला, अरे, हा तर माझाच धंदा! मीही इंजिन ऐकूनच ओळखतो.

कोकणात होडीची निगा हे घरातल्या माणसाच्या दुखण्याखुपण्यासारखं काम आहे. पावसाळा लागला की होड्या वाळूवर ओढून घेतात आणि झावळ्यांनी, झापांनी शाकारतात, जसं आपण घर शाकारतो तसं. त्या दिवसांत तळाला चिकटलेली कालवं खरवडायची, गंजलेले खिळे बदलायचे, फळ्यांच्या फटीत कापूस ठासून भरायचा, त्यावर राळ आणि तेल चढवायचं. पूर्वी मुशीच्या काळजाचं तेल, उंडीचं तेल वापरत. मग नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होडी पुन्हा पाण्यात. सण आहे तो, पण त्या सणाआधी दोन महिन्यांची मेहनत आहे.

नाखवा मला म्हणाला, "आमच्याकडं समुद्रातला किडा लाकूड पोखरतो. तुमच्या गोड्या पाण्यात तो नाही. पण खारं पाणी लाकूड मुरवतं, लोणच्यासारखं. गोड्या पाण्यात कुजण्याची भीती जास्त. आणि तुमचा खरा किडा वर आहे." त्यानं बोट आभाळाकडं, सूर्याकडं केलं. ते किती खरं होतं ते पुढं कळलं.

दुसऱ्या दिवशी इंजिनं. या होडीमागं लावायच्या इंजिनाला सगळे आऊटबोर्ड म्हणतात, म्हणजे होडीच्या पोटात नव्हे तर बाहेर, पाठीवर बसणारं. त्याचा इतिहास मी नंतर हौसेनं वाचला. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या तरुणानं १९०५ च्या सुमारास असं इंजिन करून पाहिलं आणि विकलंही. पण नाव झालं ते ओले एविनरूडचं. हा जन्मानं नॉर्वेचा, लहानपणी अमेरिकेला गेलेला. गोष्ट अशी सांगतात की, एका उन्हाळ्यात त्याच्या बेस नावाच्या मैत्रिणीला तळ्याकाठी आइस्क्रीम खावंसं वाटलं. ओले वल्ही मारत पलीकडं गेला, परत येईतो आइस्क्रीमचं पाणी झालं. त्या रागातून त्याला होडीच्या इंजिनाची कल्पना सुचली. १९०९ मध्ये त्याची इंजिनं बाजारात आली. बेसशी त्याचं लग्न झालं होतं आणि धंद्याची बाजू तीच सांभाळत होती. तिनं केलेल्या जाहिरातीचा मथितार्थ होता, आता वल्हवू नका, वल्ही फेकून द्या!

जाहिरात झकासच आहे. पण आमच्या नाखव्याला ती मी नंतर फोनवर सांगितली तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "वल्ही फेकणारा कधी दर्यावर गेला नसेल."

जपानच्या यामाहा कंपनीनं १९६० मध्ये पहिलं आऊटबोर्ड बाजारात आणलं. हलकी, स्वस्त, रॉकेलवर चालणारी जपानी इंजिनं पुढं आशिया-आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर पसरली. आपल्या देशात मासेमारीला इंजिन लावण्याची मोठी खटपट केरळात झाली. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रांमध्ये करार झाला आणि कोल्लमजवळ नींदकरा इथं काम सुरू झालं. तिथल्या पारंपरिक होड्यांनाच इंजिन बसवायचे पहिले प्रयत्न फसले. फेसाळत्या लाटांतून काठावर ओढून घ्यायच्या त्या होड्या, त्यांची घडण वल्ह्यासाठी केलेली. मग नव्या घडणीच्या नौका बांधल्या गेल्या. केरळातल्या साध्या होड्यांवर आऊटबोर्डचा खरा प्रसार १९८० नंतर झाला. आपल्याकडं सातपाटी, वसई, वर्सोवा या बाजूच्या मोठ्या नौकांनी स्वातंत्र्यानंतर सहकारी संस्था आणि सरकारी कर्जाच्या आधारानं पोटात बसणारी डिझेल इंजिनं घेतली. काठाजवळ मासे धरणाऱ्या लहान होड्यांच्या वाट्याला आऊटबोर्ड आलं ते नंतर.

जुन्या होडीला इंजिन लावायचं म्हणजे नुसतं अडकवायचं नसतं. आमच्या होडीचं मागचं टोक मूळचं पुढच्यासारखंच निमुळतं होतं. शिडाच्या आणि वल्ह्याच्या होडीला ते शोभतं. पण इंजिन अडकवायला मागं सपाट, भक्कम फळी लागते. नाखव्यानं कधीतरी मागचं टोक कापून तिथं जाड सागाची फळी बसवली होती. इंजिन होडीला ढकलतं ते त्या एका फळीतून. सगळा जोर, सगळा थरथराट तिथं. "होडीचं म्हातारपण इथून सुरू होतं," तो म्हणाला. आम्ही ती फळी काढली. आतून खिळ्यांभोवती लाकूड काळं पडलेलं होतं. नवी फळी घातली आणि दोन्ही बाजूंच्या बरगड्यांना लोखंडी पट्ट्यांनी बांधली. पट्ट्या माझ्या हातच्या. औशात होडीला केलेलं ते बहुधा पहिलंच लोहारकाम असावं.

माझी जुनी ऑइल इंजिनं मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे घेणारी, हत्तीच्या चालीची. आऊटबोर्ड पाच हजारांच्या घरात जातं. आकारानं लहान, पण जरा हयगय झाली की जळून जाणारं. आमच्याकडची दोन्ही टू-स्ट्रोक, म्हणजे इंधनातच तेल मिसळायचं. तेल कमी पडलं तर पिस्टन धरतं, जास्त झालं तर प्लग काळा होतो. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की रॉकेलवर घ्यायचं आणि बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, म्हणजे कार्बोरेटरात रॉकेल शिल्लक राहत नाही. ही शेवटची गोष्ट आळशी माणूस हमखास विसरतो आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा उखडून घेतो.

या इंजिनाला रेडिएटर नसतो. होडीखालचं पाणी एक लहानशी रबरी फिरकी वर खेचते, ते इंजिनाभोवती फिरतं आणि मागच्या बारीक भोकातून धार होऊन बाहेर पडतं. नाखवा म्हणाला, "इंजिन चालू झालं की पंख्याकडं बघू नका, काठाकडं बघू नका. ती धार बघा. धार म्हणजे इंजिनाची नाडी." खाली पंख्याजवळच्या गिअरचं तेल वरचेवर थेंबभर काढून बघायचं. ते दुधासारखं पांढुरकं झालं तर सीलमधून पाणी शिरलं म्हणून समजायचं. समुद्रावर चालवलेलं इंजिन घरी आणल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून आतलं मीठ धुवायचं. "तुम्हाला मीठ धुवायचं नाही, पण गाळ धुवा," असं त्यानं बजावलं. आणि इंजिन पाण्यात बुडालंच, तर वाळवत बसायचं नाही. लगेच प्लग काढून पाणी झटकायचं, तेल सोडायचं आणि त्याच दिवशी चालू करायचं. उशीर झाला की गंज आत घर करतो.

तिसऱ्या दिवशी त्यानं होडीतलं सामान मांडलं. दोन वल्ही, नांगर, लांब दोर, पाणी उपसायला कापलेला डबा, विजेरी, प्लग आणि पाना तेलकट फडक्यात बांधलेला. "दुसरं इंजिन कशाला?" मी विचारलं. "पहिलं बंद पडतं म्हणून," तो म्हणाला. "पण दुसरं नुसतं ठेवू नका. महिन्यातून एकदा चालवा. बसून राहिलेलं इंजिन वेळेला दगा देतं." सामानात तरंगती जाकिटं नव्हती. ती आम्ही पुढं घेतली. मामा आधी हसले होते, "मी पोहत जन्मलो, मला जाकीट?" मग नातवाला घातलं आणि तेव्हापासून स्वतःही घालू लागले.

तीन दिवसांनी नाखवा रत्नागिरीच्या गाडीत बसून गेला. होडी पाण्यात उतरली. दोन-चार वर्षं चांगली गेली आणि मग आमच्या मुलखाचा नेहमीचा फेरा आला.

२०१२ पासूनचे दुष्काळ तुम्हाला आठवत असतील. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात आमची होडी भेगाळलेल्या मातीत कलंडून पडली होती. ‘तुमचा खरा किडा वर आहे’ हे नाखव्याचं बोलणं तेव्हा उमगलं. उन्हानं लाकूड आक्रसत गेलं, फळ्यांच्या फटींत बोट जाऊ लागलं. कोकणात यावर उपाय एकच, होडी ओली ठेवायची. पहिले काही दिवस आम्ही तिच्यावर पोती टाकून ती भिजवत होतो. एक दिवस धुणी-भांडी केलेलं उरलेलं पाणी घेऊन पोरं निघाली, तेव्हा वाटेत हंड्यांची रांग होती. रांगेतली एक म्हातारी नुसतं बघत राहिली. बोलली काहीच नाही. मामांनी घागर तिथंच खाली ठेवली आणि म्हणाले, "बास. माणसं तहानली असता लाकडाला पाणी घालणं बरं नव्हं."

मग डोकं चालवावं लागलं. बैलगाड्या लावून होडी कडुनिंबाच्या दाट सावलीला आणली. कोकणात माशाचं, उंडीचं तेल, तर आमच्याकडं जवस पिकतो. जवसाचं तेल उकळून दर पंधरवड्याला आतून-बाहेरून चोळलं. फटीत कापूस आमच्याच शेतातला. त्यावर खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेली लांबी, सुतार खिडकीच्या काचेला लावतो तीच. वरून कडब्याचं छप्पर. कोकणात पावसापासून शाकारतात, आम्ही उन्हापासून शाकारली. पुढच्या पावसाळ्यात धरणात पाणी आलं, तेव्हा होडी दोन दिवस कडेला बुडवून ठेवली. लाकूड फुगलं, फटी मिटल्या. मी नाखव्याला फोन केला, तर फोन त्याच्या मुलानं उचलला. नाखवा त्या हिवाळ्यात गेला होता.

आता मला जे सांगायचं आहे ते माझ्या चुकीविषयी आहे.

धरणाचं पाणी गढूळ. त्यातल्या गाळानं ती रबरी फिरकी लवकर झिजते. दोन वर्षांत बदलावी असा माझा नेम होता. २०१९ मध्ये ती बदलायची राहिली. २०२० मध्ये टाळेबंदी, दुकानं बंद. २०२१ च्या उन्हाळ्यात मला दिसत होतं की पहिल्या इंजिनाची धार बारीक झाली आहे. पण इंजिन चालत होतं. चालतंय ना, मग चालू दे. हे वाक्य मी आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं आणि त्यांना त्यावरून बोललो. स्वतःच्या वेळेला मीही तेच केलं. काही शे रुपयांचा भाग होता.

त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीला मांजरा आणि तेरणा यांना मोठा पूर आला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात माणसं अडकली, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या नावा आल्या, हेलिकॉप्टर आली. आमच्या बाजूला धरणाचा फुगवटा शेतांत शिरला आणि एका आखाड्यावर सालगडी, त्याची बायको आणि दोन लेकरं अडकली. संध्याकाळ झालेली. मामा आता थकले होते, त्यांचा पुतण्या आणि मी होडी घेऊन निघालो. मी कशाला गेलो? इंजिन माझं म्हणून गेलो.

जाताना सगळं ठीक. चौघांना घेतलं, वर त्यांच्या दोन शेळ्या. परतताना मध्यावर आलो आणि इंजिनाचा आवाज बदलला. मी मागं पाहिलं. धार बंद झाली होती. हात लावला तर चटका. मी बंद करायच्या आतच ते आपलं आपण थांबलं. अंधारात पाण्याचा नुसता आवाज येत होता आणि आम्ही हळूहळू बाभळीच्या बुडालेल्या बनाकडं ओढले जात होतो. त्या बनात होडी शिरली असती तर काय झालं असतं ते मी अजूनही मनात पुरतं येऊ देत नाही.

पुतण्यानं आणि त्या सालगड्यानं वल्ही घेतली. ते पुढं जात नव्हते, होडी आहे तिथं धरून ठेवत होते, एवढंच. तेवढ्या वेळात मी पहिलं इंजिन सोडलं, दुसरं लावलं. दोरी ओढली. एकदा, दोनदा. सहाव्यांदा ते बोललं. दर महिन्याला चालवलेलं इंजिन होतं ते. काठाला लागल्यावर धाकट्या लेकरानं मला विचारलं, "आजोबा, तुम्ही रडलालाव का?" मी म्हटलं, पाणी उडालं डोळ्यात.

नाखव्यानं सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी दोन आम्ही पाळल्या होत्या, वल्ही आणि दुसरं इंजिन. तिसरी, धार, मी पाळली नव्हती. दोन पाळल्या म्हणून सहा माणसं आज आहेत. ती झिजलेली फिरकी मी टाकून दिलेली नाही. वर्कशॉपात देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगली आहे.

मंडळी, हे मी आज का सांगतोय? ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरात माणसं घेऊन निघालेली नाव उलटली आणि अनेकांचे जीव गेले. क्षमतेहून अधिक माणसं तिच्यात होती. २०२२ मध्ये जायकवाडीच्या फुगवट्याकाठच्या भिवधानोरा गावची मुलं थर्माकोलच्या तराफ्यावरून शाळेला जातात, या बातमीची उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यातल्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं, माणसं दगावली, लष्कराला बोलवावं लागलं. आमचा मुलूख कोरडा आहे म्हणून होडीची गरज नाही, हे आता कुणी म्हणू नये. जिथं पाऊस वर्षानुवर्षं येत नाही आणि आला की एका रात्रीत येतो, तिथंच होडी तयार ठेवणं सर्वांत अवघड असतं. कोकणात होडी रोज वापरली जाते, म्हणून तिची निगा राहते. आमच्याकडं ती दहा वर्षांतून एकदा लागते, आणि त्या एका वेळेला ती चालावी लागते.

एका ठिकाणी मी गोदामात नवंकोरं आऊटबोर्ड पाहिलं. खोक्यावरची पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती. जवळची रबरी नाव घडीवर चिरत चालली होती. कुणी वाईट माणूस नव्हता तिथं. फक्त ते काम कुणाचंच नव्हतं. नाव घ्यायला पैसे मिळतात, तिची महिन्याला एकदा दोरी ओढायला माणूस मिळत नाही. माझं एवढंच मागणं आहे की, जिथं जिथं अशी नाव आहे तिथं एक वही ठेवावी. इंजिन कधी चालवलं, तेल कधी बदललं, फिरकी कधी बदलली, कुणी बदलली, सही. आणि ते काम त्या गावच्या भोयांना, मच्छीमारांना रीतसर मोबदला देऊन द्यावं. पूर्वी पुराचा पहिला निरोप भोईवाड्यात जायचा. त्या रीतीत शहाणपण होतं. पाणी कुठं वळतं, कुठल्या बाभळी बुडाल्या आहेत, हे त्यांनाच ठाऊक असतं.

आमची होडी अजून आहे. मागच्या उन्हाळ्यात तळाच्या दोन फळ्या बदलल्या. मामा आता नाहीत. त्यांचा तो नातू इंजिन चालवतो आणि जाकिटाशिवाय कुणाला बसू देत नाही. इंजिन चालू झालं की तो आधी मागं वळून धार बघतो, मग काठाकडं हात करतो.

आणि वल्ही? ती दोन्ही होडीतच आहेत, नव्यानं तेल पाजलेली.